फोटोवाल्या काकूंना विचारा

दिवाळी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळाभर ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ एवढंच विचारणारी मंडळी आता कॅमेरा घेऊन बसलेली असतात. मग कुणाच्या लेन्सला बुरशी लागलेली असते, कुणाची नवरी गुलाबी आलेली असते, तर कुणाला शिवडीचे पक्षी मोहरीएवढे दिसलेले असतात. यंदाही तसंच झालंय. नव्या वाचकांना माझी ओळख थोडक्यात सांगते. परळला आमचा एक लहानसा स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी तो उघडला तेव्हा गिरणीतली माणसं गावी पाठवायला पोस्टकार्ड साइजचे फोटो काढून घ्यायची. मी लग्न होऊन आले आणि निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायला शिकले. आता तेच काम माझी सून कॉम्प्युटरवर करते, आणि चहाही माझ्याआधी पिते.

प्रश्न: गेल्या मोसमात तीन रविवार शिवडीला फ्लेमिंगो काढायला गेलो. माझ्याकडे ७०-३०० ची लेन्स आहे. पक्षी एवढे लांब, की फोटोत नुसते गुलाबी ठिपके. १५०-६०० घ्यावी म्हणतो. बायकोचा विरोध आहे. तुमचं मत काय?
*– बँक कर्मचारी, घाटकोपर*

वहिनींच्या बाजूने मत देते. निदान या मोसमापुरतं तरी.

तीन रविवार गेलात म्हणता, पण किती वाजता गेलात ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज, सकाळी चहा पिऊन, सुट्टीच्या दिवशी सोयीचं पडेल तेव्हा. फ्लेमिंगोला मात्र रविवार कळत नाही, त्याला भरती-ओहोटी कळते. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने चरत लांब निघून जातात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. तुम्ही जेटीवर उभे राहायचं आणि पक्ष्यांनी तुमच्याकडे यायचं, असा हा हिशोब आहे. ३०० च्या जागी ६०० लावली तर पक्षी दुप्पट मोठा दिसतो. पक्षी निम्म्या अंतरावर आला तरी तेवढाच मोठा दिसतो, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

भरतीची वेळ काढायला आमच्या शेजारच्या कोळीणबाईंनी मला एक हिशोब शिकवला होता. तुम्हालाही कदाचित घरी कुणी सांगितला असेल. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हा अदमास आहे, मिनिटाचं गणित नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यायची. पण कालनिर्णयाकडे नुसती नजर टाकून महिन्यातले कुठले दिवस आपले, ते यावरून ठरवता येतं.

आता दुसरी गोष्ट. शिवडीला खाडी आपल्या पूर्वेला. सकाळी जाल तर सूर्य समोर, पक्षी काळे. तुमचे ठिपके निदान गुलाबी आले म्हणजे उशिरा पोचला असणार. दुपारी साडेतीननंतर सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि पंखाखालचा लाल रंग उजळतो. तेव्हा आपल्याला हवी ती संध्याकाळकडची भरती. पंचमी ते अष्टमी या चार दिवसांत ती पावणेचार ते सहाच्या दरम्यान येते. भरतीच्या दोन तास आधी जेटीवर हजर राहा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी उधाणासारखं फार चढत नाही, पण उजेड इतका चांगला असतो की मी तरी तेच दिवस धरते. बायकोला कॅलेंडरवर खुणा करायला सांगा. विरोध मावळेल.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर उडत्या पक्ष्याला शटर १/१००० पेक्षा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा, हळू नको. चरत्याला १/५०० चालतं. चिखल गडद असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवतो. मग पांढरट पिसं जळतात, त्यांच्यात काही तपशीलच उरत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमीजास्त करायची सोय, उणे दोन तृतीयांशावर ठेवून सुरुवात करा, एक फोटो काढून मोठा करून पिसं बघा, मग पुढचे काढा. आणि भर दुपारी मोठ्या लेन्सनेही काही होत नाही. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि फोटो शेक झाल्यासारखा येतो. लोक लेन्स रिपेअरला घेऊन जातात, दोष हवेचा असतो.

शिवडीतूनच निघणारा अटल सेतू आता चौकटीत घुसतो, अशी तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकते. घुसू द्या की. मुंबईतला पक्षी आहे, मागे मुंबई दिसणारच.

प्रश्न: मामेभावाच्या हळदीचे फोटो मी काढले. चाळीच्या पटांगणात मांडव होता. सगळ्यांचे चेहरे एका बाजूने गुलाबी, एका बाजूने हिरवट. काही फोटोंत आडवे काळे पट्टे. नवरदेव तर शेंदरी दिसतोय. आता सगळे मलाच हसतायत. पुढच्या महिन्यात लग्न आहे.
*– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, भांडुप*

हसू दे रे, लग्नाचे फोटो चांगले आले की गप्प बसतील.

मांडवाचं कापड गुलाबी होतं ना? मग कापडातून गाळून येणारा उजेडही गुलाबीच. वर कुणीतरी कडेला ट्यूबलाइटी बांधल्या असणार, त्यांचा हिरवट. चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड पडले तर उजेडाचा रंग जुळवणारा कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स बिचारा एकालाच सुधारतो. गुलाबी घालवलास की हिरवा वाढतो. कॉम्प्युटरवर बसून रात्रभर झगडलास तरी सुटायचं नाही. हे फोटो काढतानाच सोडवायचं असतं, आणि तेही पायांनी. मांडवाच्या मधोमध हळद लावायचा हट्ट आयांचा असतो. त्यांना गोड बोलून पाट दोन हात पुढे, मांडवाच्या उघड्या तोंडाशी सरकवायला सांगायचा. दिवसा असेल तर तिथे आभाळाचा उजेड एकाच रंगाचा मिळतो. रात्री असेल तर त्या बाजूची एखादी ट्यूब वायरमनदादाला सांगून बंद करून घ्यायची. वायरमनशी ओळख करून ठेवणं हे लग्नाच्या फोटोग्राफीतलं पहिलं काम, लेन्स नंतर.

फ्लॅश वरच्या कापडावर मारू नकोस. भिंत पांढरी असेल तर भिंतीवर मारतात ते ठीक, पण गुलाबी कापडावर मारलास तर फ्लॅशही गुलाबी होऊन खाली येतो. पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटव आणि एका चुलतभावाला धरायला दे. त्या कागदावर फ्लॅश मारायचा. चुलतभावालाही काहीतरी काम लागतंच.

काळे पट्टे एलईडीचे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेव, म्हणजे दिव्याची पूर्ण लहर त्यात बसते. सायलेंट शटर बंद कर, त्याने पट्टे हमखास येतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू कर. स्वस्तातल्या रंगीत माळा याही नियमाला जुमानत नाहीत, त्या मागे राहू दे, चेहऱ्यावर नको.

राहिला शेंदरी नवरदेव. हळद लागलेला गाल जेव्हा उजेडात चमकतो तेव्हा आधी लाल रंग भरून जातो, मग पिवळ्याचा नुसता लगदा होतो. झेंडूच्या राशीचंही असंच. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीक दिसतो आणि फोटो मात्र बिघडलेला. कॅमेऱ्यात तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय असते, ती लाव. लाल उजव्या भिंतीला टेकला तर उजेड थोडा कमी कर. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ. जेपेगमध्ये एकदा गेलेला रंग परत येत नाही, रॉमध्ये थोडाफार ओढून आणता येतो.

प्रश्न: १०८ मेगापिक्सेलचा फोन चांगला की ५० चा?
*– अनेक वाचक*

१२ मेगापिक्सेलच्या फोटोची १३ बाय १० इंचाची सुबक प्रिंट निघते. तुम्ही शेवटची एवढी प्रिंट कधी काढलीत? फोनची काच शर्टाला पुसा, त्याने फरक पडेल.

प्रश्न: सहा महिन्यांनी कॅमेरा कपाटातून काढला तर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखं काहीतरी दिसतंय. पुसता येत नाही. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला तर जाईल का?
*– गृहिणी, दहिसर*

नाही जाणार, ताई. तांदूळ तेवढे वाया जातील, आणि तांदळाची पूड लेन्सच्या खाचांत जाऊन बसेल. ते कोळिष्टक म्हणजे बुरशी. ती काचेच्या आत, दोन भिंगांच्या मध्ये वाढते, म्हणून पुसता येत नाही.

या बाबतीत मी तुम्हाला शहाणपण शिकवण्याच्या लायकीची नाही. सासऱ्यांनी मरण्याआधी माझ्या हातात एक जुनी १०५ मिलिमीटरची लेन्स दिली होती. पोर्ट्रेटला तिच्यासारखी दुसरी नव्हती. मी ती फार जपली. चामड्याच्या पाऊचमध्ये घातली, पाऊच मऊ कापडात गुंडाळला, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि हे सगळं लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे. एक पावसाळा गेला. बुरशीला काय लागतं, तर अंधार, बंद हवा, दमट ओल आणि खायला थोडी धूळ किंवा बोटाचा तेलकट डाग. मी तिला एकूण एक गोष्ट पुरवली होती. चामडं तर ओल धरूनच ठेवतं. बोरा बाजारातल्या एका जुन्या कारागिराने लेन्स उघडली, साफ केली, आणि उजेडासमोर धरून मला दाखवली. बुरशी गेली होती, पण तिच्या फांद्यांची नक्षी काचेवरच्या पातळ थरावर, म्हणजे कोटिंगवर, कोरून राहिली होती. बुरशी जे आम्ल सोडते ते कोटिंग खातं. आता त्या लेन्सने उजेडाच्या विरुद्ध काढलं की सगळं धुरकट येतं. सून म्हणते, हल्ली लोक असला इफेक्ट मुद्दाम घालतात. बोलणं सोपं आहे.

तर, आधी लेन्स माहीतगार माणसाकडे न्या. लवकर नेलीत तर कोटिंग वाचतं. तोवर ती दुसऱ्या लेन्सबरोबर ठेवू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी सांगते. रबराच्या झाकणाचा मोठा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि आर्द्रता दाखवणारं एक लहान मीटर. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर सहज असते. डब्यातला काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. अगदी २० वर नेऊ नका, रबर आणि ग्रीस सुकतं. निळे खडे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली, मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाची कढई वापरू नका आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका. बजेट असेल तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या, कटकट संपते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा दर आठवड्याला बाहेर काढून चार फोटो काढणं. वापरातल्या लेन्सला मी बुरशी लागलेली फारशी पाहिली नाही.

एसीच्या खोलीतून एकदम गॅलरीत गेलात तर लेन्सवर धुकं धरतं तेही ओलच. बॅग न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायची, मग चेन काढायची.

प्रश्न: मी २६ वर्षांची. नोकरी सांभाळून दोन वर्षं लग्नं शूट करते. आता नोकरी सोडावी असं वाटतं. अडचणी तीन. लोक माझ्याशी न बोलता माझ्या असिस्टंट मुलाशी बोलतात. गेल्या लग्नाचे पंचवीस हजार अडकलेत आणि वर ते सगळ्या रॉ फाइली मागतायत. शिवाय मी इन्स्टाग्रामवर टाकलेले फोटो काढायला लावले, ‘आमच्या परवानगीशिवाय कसे टाकले’ म्हणून. फोटो मी काढले तर माझे नाहीत का?
*– कल्याण*

शेवटून सुरू करते, कारण तिथे तू चुकलेली आहेस.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम आहे. सर्वसाधारण नियम असा, की फोटो काढणारा त्याचा पहिला मालक. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि उलट काही लिहून ठरलेलं नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. लग्नाचं काम यातच मोडतं. म्हणजे तुझ्याकडे कागद नसेल तर ते फोटो त्या मंडळींचे. तू टाकलेस, त्यांनी काढायला लावले, विषय संपला. कागद असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणून एक पानी करार कर. वकिली भाषा नको, मराठीत लिही. कुठले विधी, किती तास, किती फोटो सुधारून देणार, अल्बम किती पानांचा, रॉ देणार की नाही आणि देणार तर किती जादा, कॉपीराइट कुणाचा, स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून किती फोटो वापरणार. नवरीकडच्यांना इन्स्टाग्राम नको असेल तर तसं लिही आणि ते पाळ. नमुन्याचे फोटो दाखवायला परवानगी देणारं दुसरं लग्न मिळेल.

रॉ फाइलींबद्दल माझं मत जुनं आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक निगेटिव्ह मागायचं तेव्हा सासरे म्हणायचे, ‘जेवण वाढलंय, आता पीठही पाहिजे का?’ पण तू भांडू नकोस, दर लावून दे.

पैशांचं. अल्बम हातात पडला की गिऱ्हाइकाची आठवण कमी होते. आम्ही निम्मे इसारा म्हणून तारीख धरतानाच घेतो, उरलेल्यातले बहुतेक हळदीच्या दिवशी, आणि थोडेच अल्बमवर ठेवतो. हळदीच्या दिवशी मागायला लाज वाटते ना? केटररला वाटत नाही. आणि धंदा वर्षाला २० लाखांच्या वर गेला की जीएसटीची नोंदणी लागते, ते दर ठरवताना डोक्यात ठेव. तिथवर पोचलीस की पेढे पाठव.

असिस्टंटशी बोलतात, त्याचं काय करायचं? होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, इथल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे. मी स्वतः पहिली दहा वर्षं ‘भाऊ कुठे गेले?’ ऐकत फोटो काढलेत. उपाय मला एकच सापडला: कामाची यादी स्वतःच्या हातात ठेवायची. नवरीच्या आईबरोबर आदल्या दिवशी बसून विचारायचं, ‘कुठल्या आत्याला फोटोत घ्यायचंच आहे? कोण कुणाच्या शेजारी उभं राहणार नाही?’ हे ज्याला माहीत त्याच्याशीच लोक बोलतात. असिस्टंटला ते माहीत नसतं.

नोकरी सोडण्याआधी मात्र एक कर. दोन कार्डांचा कॅमेरा घे आणि दोन्ही कार्डांवर एकदम फोटो जातील असं सेटिंग कर. त्याचं कारण सांगते, आणि हे मी कुणाला सहसा सांगत नाही.

दादरच्या एका हॉलमध्ये मुंज होती. माझ्याकडे तेव्हा एकच मोठं कार्ड. रात्री दमून आले, वाटलं नवऱ्याने कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय. त्याला वाटलं मी घेतलंय. सकाळी एक माणूस पासपोर्टच्या फोटोला आला, मी कार्ड फॉरमॅट केलं आणि त्याचे आठ-दहा फोटो काढले. दुपारी समजलं. फॉरमॅट केलेल्या कार्डावरून फोटो परत मिळतात, फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, पण अट एवढीच, की कळल्या क्षणापासून त्या कार्डावर काही लिहायचं नाही. मी लिहून बसले होते. मुंजीचे साडेचारशे फोटो परत आले. गेले ते सुरुवातीचे, कारण कॅमेऱ्याने नवे फोटो कार्डाच्या आरंभापासून भरले. आणि मुंजीत सुरुवातीला काय असतं? मातृभोजन. आईच्या मांडीवर बसून मुलगा जेवतो तो घास. मी त्यांच्या घरी गेले, सगळं खरं सांगितलं, पैसे परत द्यायला लागले. त्या बाई म्हणाल्या, पैशांचं राहू द्या, आपण पुन्हा एकदा बसून काढू. तेवढ्यात तो मुलगा आतून आला. गुळगुळीत मुंडण, मागे शेंडी. मातृभोजन मुंडणाच्या आधी होतं.

त्यांच्या अल्बममध्ये ते पान अजून नाही.

प्रश्न: दादरच्या फूल मार्केटमध्ये पहाटे गेले होते. एक मावशी हार ओवत होत्या, इतका छान उजेड होता. कॅमेरा उचलला तर अंगावरच आल्या. तेव्हापासून स्ट्रीट फोटोग्राफीची भीतीच बसली.
*– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मुलुंड*

त्यांचं बरोबर होतं, बाळा. पहाटे पाच म्हणजे त्यांचा धंद्याचा ऐन वेळ. तू गिऱ्हाइकाच्या जागेत उभी राहून, न विचारता, तोंडासमोर कॅमेरा धरलास.

पुन्हा तिथेच जा. त्याच मावशींकडे. आधी पावशेर शेवंती घे, घरी लागतेच. पैसे दे. मग विचार, ‘मावशी, तुमच्या हातांचा फोटो काढू का?’ चेहऱ्याचा नको म्हणतील, हातांचा बहुतेक जणी काढू देतात. आणि खरं सांगायचं तर फोटो हातांतच आहे. सुईचं टोक, बोटाला गुंडाळलेला दोरा, नखांत अडकलेला हिरवा देठ. एका बल्बचा पिवळा उजेड असतो, तो तसाच पिवळा येऊ दे, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा तो धुऊन काढतो. दिवसाच्या उजेडाचं सेटिंग लाव. शटर १/१२५, कारण त्यांची बोटं फार भरभर चालतात. सुईपाशी फोकस धर.

एका ठिकाणी तासभर उभी राहा. पहिली दहा मिनिटं सगळे तुझ्याकडे बघतात, मग कंटाळतात. आपल्याला तो कंटाळाच हवा असतो. पुढच्या आठवड्यात त्या हातांची चार बाय सहाची प्रिंट नेऊन दे. फोनवर पाठवू नकोस, प्रिंट दे. त्यानंतर त्याच मावशी बाजूच्या दुकानदाराला सांगतील, ‘हिला काढू दे रे.’

प्रश्न: मरीन ड्राइव्हवर चर्चगेटसमोरच्या कट्ट्यावरून समुद्रात बुडणारा सूर्य काढायचा होता. मे महिन्यात गेलो तर सूर्य इमारतींमागे गेला. जागा चुकली का?
*– निवृत्त शिक्षक, चेंबूर*

जागा बरोबर, महिना चुकला, सर. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, आणि तुमच्या कट्ट्यावरून त्या बाजूला मलबार हिल आहे. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकतो आणि थेट समुद्रात उतरतो. म्हणजे आता जा. सूर्य गेल्यावर लगेच उठू नका. आभाळ निळं होत जातं आणि रस्त्यावरचे दिवे लागतात, ती वीस मिनिटं त्याहून चांगली. कॅमेरा कट्ट्यावरच टेकवा, खाली घडी केलेला रुमाल, आणि दोन सेकंदांचा टायमर.

प्रश्न: आमची गिरगावची चाळ पाडणार आहेत. सामान आवरताना आई-वडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो सापडला, पण तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. कोपरा ओढला तर फाटायला लागला. काय करू?
*– वय ७१, गिरगाव*

काका, हात लावू नका. ओढू नका, वाफ देऊ नका, पाण्यात तर मुळीच बुडवू नका. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. वर्षानुवर्षं दमट हवेने तो मऊ होऊन काचेला चिकटला. आता ओढाल तर चेहरे काचेवर राहतील आणि कोरा कागद हातात येईल. काच फोटोवर आहे तशीच राहू द्या आणि काचेतूनच फोटो काढा.

काचेची बाहेरची बाजू कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. कापडाला नुसती दमट फुंकर पुरे, काच साफ करायचं पाणी फवारू नका, कडेने आत झिरपतं. फ्रेम खिडकीशेजारी भिंतीला टेकवून उभी करा, उजेड एका बाजूने, तिरका येईल अशी. समोर तुम्ही, आणि तुमच्या मागे काळी किंवा गडद चादर कुणाला तरी धरायला सांगा, नाहीतर काचेत तुमचाच शर्ट दिसेल. घरातले दिवे बंद, फ्लॅश बंद. फोन असेल तर जवळ जाऊ नका, चार पावलं मागे जा आणि दोन पटीच्या लेन्सने काढा, कडा सरळ येतात. फोन फ्रेमला अगदी समांतर धरा.

जुन्या कृष्णधवल फोटोंत गडद जागी चंदेरी चकाकी धरते. नवऱ्याचा काळा कोट असेल तर तो आरशासारखा चमकेल आणि तुम्हाला वाटेल फोटो गेला. तो गेलेला नाही, चांदी वर आली आहे. एक फोटो काढा, मग फ्रेम उलटी करा, डोकं खाली पाय वर, आणि त्याच जागी पुन्हा एक काढा. खिडकी आता दुसऱ्या बाजूची झाली, त्यामुळे आधी चकाकलेली जागा यात काळी येते. दोन्ही फोटो जपून ठेवा. ते जोडून एक करायचं काम कुठल्याही चांगल्या स्टुडिओत होतं. आमच्याकडे सून करते, तिला अर्धा तास लागतो. फ्रेम मात्र नव्या घरी जाताना टेम्पोत सामानाबरोबर टाकू नका, मांडीवर घेऊन बसा.